मांडूळ, गांडूळ आणि समुद्रतळाचा गाळ

मांडूळ विकणारी टोळी पकडल्याची बातमी आमच्या सातारा-सांगलीकडे अधूनमधून येतेच. गुप्तधन दाखवतं या समजुतीपायी लाखांची बोली लागते. मांडूळ दुतोंडी नसतं, शेपूट बोथट असतं इतकंच. बिनविषारी आहे, मातीत राहून उंदीर खातं, त्याला शेतातच राहू द्या.

मातीतल्या जिवांची करामत बघायची तर काचेची बरणी घ्या. मी तळाला महाबळेश्वरची तांबडी माती, मध्ये पांढरी वाळू आणि वर कृष्णाकाठची काळी माती भरली. शेतातली दहा गांडुळं सोडली, ओल ठेवली, बरणीला काळं कापड गुंडाळलं. तीन आठवड्यांत वाळूची रेघ पार विस्कटली.

समुद्राच्या तळाशी कृमी, शिंपले, खेकडे हेच करतात, साधारण वरच्या १० सेंटिमीटरांत. खोल समुद्रात हजार वर्षांत एखाद-दोन सेंटिमीटर गाळ साचतो, म्हणजे त्या थरात हजारो वर्षांची सरमिसळ असते. गाळाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटे वाचता येत नाहीत ते यामुळे.

ही सरमिसळ किती वेगाने होते ते मोजतात शिसे-२१० वापरून, म्हणजे आपोआप ऱ्हास होत जाणारं किरणोत्सारी शिसं. जमिनीतून निघालेल्या रेडॉनपासून ते हवेत तयार होतं, समुद्रात पडतं, कणांना चिकटून तळाशी बसतं. अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) २२ वर्षं, म्हणून शंभरेक वर्षांत जवळजवळ संपतं. तेवढ्या काळात गाळ वाढतो एक-दोन मिलिमीटर. त्याच्या खाली हे वरून आलेलं शिसं सापडायलाच नको, पण सापडतं कित्येक सेंटिमीटर खोल! संपायच्या आत कुणीतरी ते खाली नेलेलं असतं.

साधं प्रारूप असं मानतं की प्रत्येक कणाला इकडेतिकडे धक्के बसतात आणि शिसं पाण्यात शाई पसरावी तसं पसरतं. पसरणं आणि ऱ्हास यांचा तोल जमला की गणित सोपं होतं. शिशाचं प्रमाण जिथे पृष्ठभागावरच्या ३७ टक्क्यांवर येतं, त्या खोलीचा वर्ग गुणिले ऱ्हासदर (वर्षाला ०.०३१) म्हणजे मिश्रण गुणांक, सरमिसळीच्या वेगाचं माप. खोली ५ सेंटिमीटर असेल, तर तो वर्षाला सुमारे ०.७८ चौरस सेंटिमीटर. अवघ्या २४ दिवसांच्या अर्धायुष्याच्या थोरियम-२३४ या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यावरून हा गुणांक बऱ्याचदा मोठा येतो, कारण ताज्या, खाण्याजोग्या कणांवर प्राणी जास्त तुटून पडतात.

काही कृमी मात्र डोकं खाली, शेपूट वर ठेवून राहतात. खालचा गाळ गिळतात आणि थेट वर टाकतात. इथे शाईचं गणित फसतं, एका खोलीवरून दुसऱ्या खोलीवर थेट उडी मारणारे कण मांडावे लागतात. माझ्या बरणीत काळ्या मातीच्या माथ्यावर विष्ठेच्या बारीक गोळ्या जमल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी तांबड्या होत्या.