शिकाऱ्याला माणूस हरीण का दिसतो?

अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम रंगात असतो. परवाना काढून लाखो लोक रानात उतरतात आणि दरवर्षी त्यांतले काही जण माणसाच्याच गोळीने जखमी होतात, काही मरतात. ‘मला हरीणच दिसलं,’ असं गोळी झाडणारा कळवळून सांगतो. तो खोटं बोलत असेलच असं नाही. पहाटे किंवा तिन्हीसांजेला डोळ्यांकडून मेंदूला अपुरी माहिती मिळते, आणि तासन्‌तास हरणाची वाट पाहणारा मेंदू उरलेलं चित्र स्वतःच भरून काढतो.

म्हणूनच पूर्ण प्राणी आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हे दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. पाहायचं तेही साध्या दुर्बिणीतून. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पाहायचं म्हणजे समोरच्या माणसावर नळी आधीच रोखलेली असते!

पूर्वी शिकारी लाल कपडे घालत. पण अंधुक उजेडात काम करणाऱ्या दृष्टिपटलातल्या दंडपेशींना लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळे सांज होताच लाल रंग काळपट दिसतो. शिवाय युरोपीय वंशाच्या सुमारे ८ टक्के पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. त्यामुळे झगझगीत फ्लुरोसंट नारिंगी जाकीट आलं. हा रंग अतिनील आणि निळा प्रकाश शोषून तो नारिंगी करून बाहेर टाकतो, म्हणून संधिप्रकाशातही उठून दिसतो. हरणाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात. त्याला हा नारिंगी मळकटच वाटतो.

तरीही जाकीट पुरेसं नाही. ११ फेब्रुवारी २००६ रोजी टेक्सासमध्ये उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी उडत्या पक्ष्यामागे बंदूक फिरवत वळले आणि छर्रे त्यांच्या ७८ वर्षांच्या सोबत्याला लागले. त्याच्या अंगात नारिंगी होतं. आपण कोणत्या दिशेला गोळी झाडणार, ती हद्द प्रत्येकाने आधीच ठरवून घ्यावी आणि पक्षी हद्दीबाहेर गेला की त्याला जाऊ द्यावं.

मचाणावरून पडूनही पुष्कळ जण जायबंदी होतात. जमीन सोडण्याआधीच सुरक्षा पट्टा बांधावा, बंदूक रिकामी करून नंतर दोरीने वर ओढावी.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौशी शिकार बंद आहे. पण रानडुकरामागे चोरून, रात्री जाणाऱ्यांचा धोका दुप्पट: नारिंगी कोणी घालत नाही, आणि गोळी लागली तर गुन्ह्याच्या भीतीने दवाखाना टाळला जातो. रक्त वाहत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि लगेच १०८ला फोन करा.