पुढे चिकट, मागे चिवट

नवी माउंटन बाइक घेताना फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा धक्के शोषणारा चिमटा, कुठला, गिअर किती, फ्रेम कार्बनची की अ‍ॅल्युमिनियमची, यावर लोक रात्र रात्र काथ्याकूट करतात. टायर मात्र कारखान्यातून येतील ते. बहुतेक वेळा दोन्ही चाकांना एकच मॉडेल आणि एकच रबर. धक्का शोषताना चाक १६०-१७० मिलिमीटर सरकू देणाऱ्या सस्पेन्शनच्या दणकट सायकलवर हे एकवेळ चालून जातं. १०० ते १३० मिमीच्या सायकलवर चालत नाही, कारण तिथे टायरच्या वाट्याला फार काम येतं.

२.४ इंची टायर रिमपासून जमिनीपर्यंत पन्नास-पंचावन्न मिमी उंच भरतो. ही सगळी उंची दबायला मिळत नाही, पण बरीचशी मिळते. १७० मिमीच्या फोर्कखाली ही भर किरकोळ वाटेल. ११० मिमीच्या फोर्कखाली मात्र एकूण गादीचा तो मोठा हिस्सा झाला. शिवाय फोर्कच्या नळ्यांना सील असतात, सीलना घर्षण असतं. बारीक खडीची थरथर पोचली तरी ते घर्षण मोडल्याशिवाय फोर्क जागचा हलत नाही. टायरला ही अडचण नाही. करंगळीएवढा खडा आला तरी तो तेवढ्यापुरता दबतो आणि खडा गिळून पुढे जातो. उणीव एकच, टायरमध्ये डॅम्पर, म्हणजे उसळी आवरणारा भाग, नसतो. धक्क्याची काही ऊर्जा रबरात जिरते, बाकीची उसळी बनून परत येते.

दोन्ही चाकांची कामं किती वेगळी आहेत, ते आकड्यांत बघू. चालवणारा आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. सपाटीवर सीटवर बसून पेडल मारताना साधारण ६० टक्के भार मागे असतो. म्हणजे मागे सुमारे ५०० न्यूटन, पुढे सुमारे ३३०. आता जोरात ब्रेक दाबला आणि वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंद इतका उतरू लागला. गुरुत्वमध्य जमिनीपासून १.१ मीटर उंच आणि दोन आसांमधलं अंतर १.१८ मीटर असेल, तर ८५ गुणिले ४ गुणिले १.१ भागिले १.१८, म्हणजे जवळपास ३१५ न्यूटन भार मागून पुढे सरकतो. पुढचं चाक ६५० च्या घरात जातं, मागच्यावर १८० च्या आसपास उरतो. अंग मागे सारलं तर हे आकडे थोडे सावरतात, उतार असेल तर आणखी पुढे कलतात. कसंही असलं तरी थांबवण्याचं मुख्य काम पुढचा टायर करतो. मागच्याकडे त्या क्षणी जमिनीला धरून राहण्यापुरताही पुरेसा भार नसतो. जोरदार ब्रेक लावल्यावर मागचं चाक सहज लॉक होतं ते यामुळेच.

घसरण्याचे परिणामही सारखे नाहीत. मागचं चाक घसरलं की सायकल तिरकी होते, पण हँडल हातात असतं. मुरलेले लोक तर मुद्दाम मागचं चाक फेकून वळण काढतात. पुढचं घसरलं की गोष्ट वेगळी. दुचाकी तोल सांभाळते तीच मुळी पडण्याच्या बाजूला हँडल वळवून, चाकं पुन्हा शरीराखाली आणून. पुढच्या टायरची पकड सुटली की हँडल कितीही वळवा, चाकं शरीराखाली येतच नाहीत. काय झालं हे कळेपर्यंत खांदा जमिनीला टेकलेला असतो. म्हणून पैसे, वजन आणि मऊ रबर यांवरचा पहिला हक्क पुढच्या चाकाचा, या बाबतीत मी तडजोड करायला तयार नाही.

मऊ रबर जास्त का धरतं? घर्षण भारावर ठरतं, क्षेत्रफळावर नाही, असं शाळेत शिकवतात. रबर हा नियम पाळत नाही. ते दगडाच्या बारीक खळग्यांमध्ये शिरतं, कणांना चिकटतं, आणि पुढे ओढलं जाताना पुन्हा पुन्हा आकार बदलत ऊर्जा खातं. चिकटणं आणि ऊर्जा खाणं, दोन्ही मिळून पकड होते. रबराचा कडकपणा शोअर ए या मापात मोजतात. माउंटन बाइकच्या टायरांत हा आकडा साधारण ४२ ते ७० मध्ये असतो, कमी आकडा म्हणजे मऊ रबर.

पण ऊर्जा खाण्याचा हाच गुण चाक नुसतं गडगडत असतानाही आड येतो. प्रत्येक फेरीत टायरचा खालचा भाग दबतो, सुटतो, आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. चालवणाऱ्याला ते पायांत जाणवतं. सुटका अशी की दोन्ही घटनांची गती फार वेगळी आहे. २९ इंची चाकाचा परीघ सुमारे २.३ मीटर. ताशी १८ किलोमीटर वेगाला रबराचा एखादा तुकडा सेकंदाला दोनदा दबतो. तोच तुकडा दगडावरून घसरू लागला की बारीक कणांवरून जाताना सेकंदाला हजारो वेळा हलतो. संथ हालचालीत कमी ऊर्जा खाणारं आणि वेगवान हालचालीत जास्त खाणारं रबर बनवता आलं तर दोन्ही साधतं. १९९२ मध्ये मिशेलिनने मोटारीच्या टायरच्या रबरात मिसळणाऱ्या काजळीची जागा बऱ्याच अंशी सिलिकाला दिली ती याच दिशेने. सायकलच्या टायरांत याच्या जोडीला थर करण्याची युक्ती वापरतात: बटणांचा, म्हणजे टायरवरच्या रबरी उंचवट्यांचा, गाभा कडक, वरचा थर मऊ. मॅक्सिस कंपनीच्या ३सी टायरमध्ये अशी तीन रबरं एकत्र असतात.

आता टायरवरचं एक बटण हातात धरल्यासारखं जवळून बघा. मधल्या रांगेतल्या बटणाची एक कड उतरती असते, दुसरी सरळ उभी. चाक फिरताना जी कड जमिनीला आधी टेकते ती उतरती ठेवतात, म्हणजे बटण आपटत नाही, सहज वळत जातं. शेवटी टेकणारी कड उभी ठेवतात, कारण ब्रेक लावल्यावर माती पुढे ढकलते ती हीच कड. पेडलचा जोर मात्र उलट दिशेने लागतो, माती मागे रेटायची असते आणि ते काम आधी टेकणाऱ्या कडेचं. ती जास्त उतरती केली तर चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरू लागतं. म्हणजे एकच नक्षी दोन्ही चाकांना सारखीच योग्य असू शकत नाही. काही टायरांच्या बाजूवर म्हणूनच पुढच्या चाकासाठी एक बाण आणि मागच्यासाठी उलटा बाण छापलेला असतो. श्वाल्बे कंपनीने तर जोडीच वेगळी केली: रेसिंग रे पुढे, रेसिंग राल्फ मागे. बटणांवरच्या बारीक चिरा बटणाला वाकायला मदत करतात, त्यामुळे कडक रबरही खडकाला थोडं जास्त धरतं.

कडेच्या बटणांचं काम सायकल झुकल्यावर सुरू होतं. मधली आणि कडेची रांग यांत मोकळी पट्टी असलेले टायर, मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ त्यातलाच, पूर्ण झुकवले की घट्ट धरतात. अर्धवट झुकवले तर मधेच थोडे सुटल्यासारखे वाटतात. ज्यांना सायकल धीटपणे झुकवायची सवय नाही त्यांनी मधेही बटणं असलेला गोलसर टायर पुढे लावावा. तो कमी धरेल, पण आधी इशारा देऊन सुटेल.

मग मागचा टायर? वेग तिथे वाचवायचा, कारण भार तिथे आहे. चाक लोळताना विरोधापायी खर्च होणारी शक्ती म्हणजे विरोध गुणांक, भार आणि वेग यांचा गुणाकार. समजा, दणकट नक्षीच्या आणि हलक्या नक्षीच्या टायरांच्या गुणांकात ०.००५ चा फरक आहे आणि वेग सेकंदाला ५ मीटर आहे. मागच्या ५०० न्यूटनवर तो फरक १२.५ वॉट होतो, पुढच्या ३३० वर ८ वॉटच्या आसपास. चढावर भार आणखी मागे सरकतो, तेव्हा पुढच्या चिकट टायरची किंमत आणखी उतरते. तासन्‌तास १५० वॉट काढणाऱ्या माणसाला हे आकडे किरकोळ नाहीत. तेव्हा मागे बुटकी, जवळजवळ बसवलेली मधली बटणं आणि थोडं कडक रबर. कडेची बटणं मात्र बऱ्यापैकी उंच असलेली बरी, नाहीतर वळणावर मागचं चाक सारखं बाहेर घसरतं.

इथवर बहुतेकांना पटतं. पुढे जिथे गल्लत होते ती टायरच्या सांगाड्याची, म्हणजे रबराखालच्या नायलॉन धाग्यांच्या थराची. मागे वेगवान नक्षी घ्यायची म्हटल्यावर लोक सगळ्यात पातळ, हलका टायर उचलतात. मागचं चाक तर जास्त मार खातं. पुढचं चाक दगड बघून उचलता येतं, बाजूला नेता येतं, मागचं त्याच्यामागून फरफटत जातं आणि भारही त्याच्यावरच जास्त. दगडावर आदळून रिमपर्यंत दबलेला टायर तिथेच कापला जातो. ट्यूब असेल तर ट्यूबला एकाच वेळी दोन भोकं पडतात. म्हणून नक्षी आणि सांगाडा यांची निवड एकमेकांच्या उलट करावी: पुढे खोल नक्षी, मऊ रबर आणि मध्यम सांगाडा, मागे बुटकी नक्षी, कडक रबर आणि जाड सांगाडा. जाडीसाठी दर इंची धाग्यांचा आकडा बघतात. १२० म्हणजे बारीक धागे, लवचीक आणि हलका टायर. ६० म्हणजे जाड धागे, जड पण सोशिक. पण नुसत्या या आकड्यावर विसंबू नये, बाजूच्या भिंतीत संरक्षक थर आहे का तेही बघावं.

जड टायरची भीती मला अतिरेकी वाटते. फिरतं वजन दुप्पट मोजावं, असं सांगतात. वेग वाढवताना ते जवळजवळ खरंही आहे. मागे १५० ग्रॅम वाढले तर ३०० ग्रॅमचा फटका. ८५ किलोच्या हिशेबात तो अर्धा टक्काही नाही. स्थिर वेगाने चढताना तर ते निव्वळ १५० ग्रॅमच. पंक्चर काढण्यात जाणारी वीस मिनिटं याच्यापुढे फारच महाग.

रुंदीचा प्रश्न त्या मानाने सोपा झालाय. क्रॉसकंट्री शर्यतीतले लोकही पूर्वीचे दोन इंचाच्या आगेमागेचे टायर सोडून २.२५ ते २.४ इंचांवर आले. खडबडीत जमिनीवर रुंद टायर कमी हवेवर चालवता येतो, आणि शरीर हादरण्यात जाणारी ऊर्जा वाचते. रिमची आतली रुंदी २५ ते ३० मिमी असेल तर ही मापं तिच्यावर नीट बसतात. अरुंद रिमवर रुंद टायर वळणावर डुलतो. रुंद रिमवर अरुंद टायर चपटा होतो आणि त्याची कडेची बटणं नको तेव्हा जमिनीला लागतात. पुढे २.४ आणि मागे २.३५ किंवा २.२५ हा मेळ छोट्या सस्पेन्शनवर बहुतेकांना मानवतो.

हवेचा दाब मात्र फुकटात मिळणारी सुधारणा आहे, आणि त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं. जमिनीला टेकलेलं क्षेत्र म्हणजे ढोबळमानाने भार भागिले दाब. पुढे ३३० न्यूटन आणि २० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असेल तर २४ चौरस सेंटिमीटर. मागे ५०० न्यूटन आणि २३ पीएसआय असेल तर ३१. वर दिलेल्या ८५ किलोसाठी ट्यूबलेस २.४ इंची टायरवर इथून सुरुवात करायला हरकत नाही. नंतर एकेक पीएसआय कमी करत जा. मागून रिम ठोकल्याचा आवाज येऊ लागला किंवा वळणावर टायर बाजूला लोळल्यासारखा वाटला की एक-दोन पीएसआय परत भरा. २० वर एक पीएसआय म्हणजे ५ टक्के फरक, तो हाताला लगेच कळतो. गेज नेहमी एकच वापरा. दोन गेज सहसा एकसारखा आकडा दाखवत नाहीत, आणि आपल्याला खऱ्या आकड्यापेक्षा कालचाच आकडा आज मिळण्याशी मतलब आहे.

जमीन बदलली की जोडी बदलते. कोरड्या, घट्ट वाटांवर पुढे मॅक्सिस रेकॉन आणि मागे अ‍ॅस्पेनसारखा जवळपास गुळगुळीत टायर पुरतो. सुटी खडी, मुळं, भुसभुशीत माती असेल तर रेकॉन मागे जातो आणि पुढे फोरकास्टर किंवा डिसेक्टरसारखा टायर येतो. चिखलात मात्र वेगाचा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. जवळजवळ बसवलेली बटणं चिखलाने भरून जातात आणि मग मागचा टायर चढावर काहीच धरत नाही. तिथे दोन्हीकडे विरळ, उंच बटणंच हवीत.

मागचा टायर आधी झिजतो. तेव्हा पुढचा मागे टाकून नवा पुढे लावायचा, अशी काटकसरीची जुनी पद्धत आहे. दोन्ही टायर एकाच जातीचे असतील तर ती ठीक. इथे सुचवलेल्या जोडीत पुढच्याचा सांगाडा मागच्यापेक्षा पातळ आणि रबर मऊ असतं, मागे गेल्यावर तो भराभर झिजेल आणि लवकर कापला जाईल. त्यामुळे मागचा झिजला तर मागचाच बदला. पुढच्याची उंची शाबूत दिसली तरी महिन्या-दोन महिन्यांनी कडेची बटणं अंगठ्याने बाजूला ढकलून बघा. कडा गोल झाल्या असतील किंवा बटणांच्या मुळाशी चिरा दिसत असतील, तर मधली नक्षी कितीही नवी वाटली तरी तो टायर वळणासाठी संपलेला असतो.