जंत गोड खाऊन होत नाहीत

तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकणाऱ्या पोराला शाळेत आळशी म्हणतात. घरी मीठ-मोहरी-मिरचीने त्याची दृष्ट काढतात, वर 'गोड कमी खा, जंत होतात' अशी तंबी. संशय जंतांवर गेला हे ठीक, पण साखरेतून जंत येत नाहीत. एक जात तर थेट तळपायातून शिरते.

ही अंकुशकृमी, म्हणजे हूकवर्म. उघड्यावर पडलेल्या विष्ठेतून तिची अंडी मातीत जातात, एक-दोन दिवसांत फुटतात आणि ५ ते १० दिवसांत अळी माणसात शिरायला तयार होते. तिला ऊब, ओल आणि सावली लागते. शिंपून ओली राहणारी पोफळीची बाग, पडलेल्या झापांखालचा कुजका पाला, तिथे हे सगळं आयतं मिळतं. खारं पाणी तिला मानवत नाही, म्हणून भरतीने भिजणाऱ्या पुळणीपेक्षा माडाखालची वाडी जास्त धोक्याची.

बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, दोन दिवसांनी विसरायला होते. तोवर अळी रक्तातून हृदयात, तिथून फुफ्फुसात, मग श्वासनलिकेने वर घशात येते आणि गिळली जाऊन लहान आतड्यात पोचते. हा मार्ग जर्मन परजीवीशास्त्रज्ञ आर्थर लूस यांना १८९८च्या सुमारास कैरोत सापडला, तोही अळ्यांचं पाणी चुकून हातावर सांडल्यामुळे. आतड्यात जंत अस्तराला चावून लटकतो, रक्त गोठू न देणारा स्राव सोडतो आणि जागा बदलत राहतो. सोडलेली जखमही वाहतच असते.

आता हिशेब करू. अंकुशकृमीच्या नेकेटर जातीचा एक जंत रोज सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो. १०० जंत म्हणजे ३ मिलिलिटर. हिमोग्लोबिन ११, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅम, धरलं तर त्यात ०.३३ ग्रॅम हिमोग्लोबिन, आणि ग्रॅमला ३.४ मिलिग्रॅम लोह धरून साधारण १.१ मिलिग्रॅम लोह गेलं. सांडलेल्यापैकी थोडं आतडं परत शोषतं, पण शाळकरी पोराचं शरीर अन्नातून दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅमच मिळवतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

दळण तरी कसलं? मासळीतलं लोह अंगी चांगलं लागतं, पण जून-जुलैत मासेमारी बंद, सुकटही महाग. मग पेज किंवा कुळथाची पिठी-भात, आणि लगेच कोरा चहा. चहातलं टॅनिन डाळी-धान्यातलं लोह बांधून ठेवतं.

लोहाचा साठा आधी आटतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. मेंदूत डोपामिन हे लक्ष टिकवायला मदत करणारं रसायन बनवणाऱ्या एका एन्झाइमला लोह लागतं, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट 'ठीक' असतानाच लक्ष उडू लागलेलं असू शकतं. स्मरणशक्तीच्या महागड्या पावडरी विकणारे हे सांगत नाहीत.

शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते: ५ ते ९ वर्षांना गुलाबी, ४५ मिलिग्रॅमची, १० ते १९ वर्षांना निळी, ६० मिलिग्रॅमची. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं आणि पोर पुढच्या वेळी गोळी खिशात लपवतं. ती खिचडीनंतरच द्यावी, चहा तासभर लांब ठेवावा. शौच काळं झालं तर घाबरू नये, ते लोहामुळेच. जंतासाठी अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चावून खायची. तिचे राष्ट्रीय दिवस १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट.

गोळीने पोटातला जंत पडतो, मातीतला नाही. चपलेचा एकच जोड असेल तर तो शाळेसाठी राखलेला असतो. सुट्टीच्या दिवशी सुपारी वेचायला पोर अनवाणीच जातं. घरात संडास असला तरी एप्रिल-मेमध्ये विहीर आटली की डोक्यावरून आणलेला हंडा त्यात कोण ओतणार? घर पुन्हा रानात जाऊ लागतं, आणि मृग लागला की माती ओली होते. ऑगस्टची गोळी घेतलेलं पोर सप्टेंबरात त्याच बागेत अनवाणी फिरलं, तर ते नवे जंत फेब्रुवारीच्या गोळीपर्यंत त्याच्या पोटात असतात. सहामाही परीक्षा त्याच काळात येते.