पूर्ण रेंज, तरीही अडखळणारे इंटरनेट

मोबाइलवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसत असूनही व्हिडिओ अडखळू लागला, की बहुतेकांचा संशय हँडसेटवर जातो. परंतु या दांड्या केवळ फोन आणि टॉवर यांच्यातील दुव्याची अवस्था सांगतात. टॉवरपासून कंपनीच्या मुख्य जाळ्यापर्यंतच्या वाटेविषयी, म्हणजेच बॅकहॉलविषयी, त्यांतून काहीच कळत नाही. या वाटेच्या वहनक्षमतेचा स्वतंत्र बाजार असून तेथे बऱ्याचदा मोबाइल कंपन्याच ग्राहक असतात.

ऑप्टिकल फायबर सर्वांत उत्तम, मात्र काचेच्या तंतूपेक्षा चर खोदण्याचाच खर्च मोठा असल्याने असंख्य टॉवर गोल तबकड्यांच्या मायक्रोवेव्ह दुव्यांवर विसंबून असतात. ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गिगाहर्ट्झ या ई-बँडच्या रुंद पट्ट्यांतून सेकंदाला १० गिगाबिटपर्यंत माहिती नेता येते. खरी परीक्षा पावसात होते. ८० गिगाहर्ट्झला तरंगलांबी पावणेचार मिलिमीटर, म्हणजे पावसाच्या टपोऱ्या थेंबाएवढी असते. त्यामुळे थेंब लहरींची ऊर्जा शोषतात आणि विखुरतात. तासाला ५० मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असेल, तर एका किलोमीटरमध्ये सुमारे १८ डेसिबल घट होते, म्हणजे शक्तीचा जेमतेम साठावा हिस्सा उरतो. ७ गिगाहर्ट्झला मात्र ही घट एक डेसिबलहूनही कमी असते.

यावरचा उपाय मला विलक्षण सुंदर वाटतो. निरभ्र हवेत लहरीचा आयाम (उंची) आणि कला (फेज, म्हणजे आंदोलनातील टप्पा) यांच्या ४०९६ निरनिराळ्या जोड्या वापरून प्रत्येक संकेतचिन्हात, म्हणजे एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या एका जोडीत, १२ बिट भरता येतात. पावसात संदेश क्षीण झाला, की शेजारच्या जोड्या गोंगाटात एकमेकींत मिसळतात. तेव्हा यंत्रणा क्षणार्धात चारच जोड्यांवर, म्हणजे दोन बिटांवर उतरते. क्षमता एक षष्ठांश होते, पण दुवा तुटत नाही.

म्हणूनच बॅकहॉलच्या करारात गिगाबिटांइतकेच महत्त्व उपलब्धतेला असते: ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तासांची खंडितता, तर ९९.९९९ टक्के म्हणजे जेमतेम पाच मिनिटांची. पाचव्या पिढीच्या जाहिरातींत झळकणारे वेगाचे आकडे या बाबतीत मौन पाळतात, ही ग्राहकाची दिशाभूलच आहे.

एखाद्या टॉवरपर्यंत एकाच मालकाचे फायबर पोहोचलेले असेल, तर त्याच्या भाड्याला वेसण घालतो तो मायक्रोवेव्हचा पर्याय. अंतर आणि पाऊस वाढतात तसा हा पर्याय दुबळा होतो आणि फायबरच्या मालकाला दर वाढवण्यास वाव मिळतो.