ऑइलची वाफ की लायनरचा फेड? ‘ब्रेक तापले’ म्हणण्याआधी पेडल तपासा

ब्रेक लागेनासे झाले की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: “ब्रेक तापले.” कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावला टेकलेला ट्रकवाला हेच म्हणतो. कॉलेजच्या शेडमध्ये स्वतः चेसिस वेल्ड करून गाडी उभी करणारी पोरंही हेच म्हणतात. ट्रकवाल्याचं बरोबर असतं. त्याचे ब्रेक हवेवर चालतात, ऑइलचा संबंधच नाही, त्यामुळे तापला तर चाकातला ड्रम आणि त्याला घासणारा लायनरच. पोरांच्या गाडीत मात्र तापणाऱ्या जागा दोन आहेत आणि दोन्हींचा इलाज वेगळा. लायनर किंवा पॅड तापला असेल तर काम चाकापाशी आहे. ऑइल उकळलं असेल तर काम सायलेन्सरपाशीही असू शकतं, कारण ब्रेक ऑइलची नळी त्याच्या शेजारून जात असते, आणि तिथे कोणी वाकून बघत नाही. महागडे पॅड मागवले जातात, बसवले जातात, आणि पेडल पुन्हा खाली जातं.

फेड म्हणजे घर्षण कमी होणं. पॅडमधलं रेझिन (घटक बांधून ठेवणारी राळ) ठरावीक तापमानाच्या वर गेलं की त्यातून वायू सुटतो, पॅड आणि डिस्कच्या मधे त्याचा पातळ थर येतो आणि पकड सुटते. पेडल मात्र नेहमीच्याच उंचीवर, नेहमीसारखं घट्ट. तुम्ही जीव खाऊन दाबताय, दाब चाकापर्यंत पोचतोय, गाडी थांबत नाही. सोबत जळका वास येतो. गार झालं की बहुतेक वेळा पकड परत येते.

ऑइलची वाफ झाली तर उलटं होतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पाय दाबला की जोर थेट चाकापर्यंत जातो. वाफ दाबली जाते. नळीत कुठेही वाफेचा बुडबुडा धरला की पायाचा जोर तो बुडबुडा चेपण्यात जातो आणि पेडल मऊ होऊन खाली बसतं. चाकाचे पॅड अगदी गार असले तरी हे होऊ शकतं. शिवाय पाय दाबलेला असताना नळीत दाब असतो, आणि दाबाखाली ऑइल सहज उकळत नाही. ते उकळतं पाय उचललेला असताना. म्हणून एक ब्रेक चांगला लागतो आणि पुढचाच बसतो. चालवणाऱ्याला काही कळायच्या आत.

ड्रम ब्रेकमध्ये गोंधळ वाढतो. ड्रम तापला की फुगून शूपासून (लायनर बसवलेल्या पट्टीपासून) लांब जातो, त्यामुळे फेडमध्येही पेडल थोडं खाली जातं. पण तळाशी गेल्यावर ते कठीण लागतं, वाफेसारखं स्पंजी लागत नाही. आणि सकाळी गार गाडीतही पेडल स्पंजी असेल तर या दोन्हींचा संबंध नाही. लाइनने एअर धरली आहे, ब्लीडिंग (नळीतली हवा बाहेर काढणं) नीट करा.

आता आकडे. ब्रेक ऑइलचे दर्जे डॉट आकड्यांनी ओळखतात. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट ४ किमान २३० ला, डॉट ५.१ किमान २६० ला. ही सगळी ऑइल्स हवेतला ओलावा ओढतात. साधारण ३.७ टक्के पाणी शिरलं की मानकातली हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येते. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४३ वर गेला की “उन्हामुळे ऑइल उकळलं” असं सर्रास ऐकू येतं. हिवाळ्याच्या दुपारपेक्षा पंधराएक अंश जास्त, बास. तेवढ्याने १५५ गाठलं जात नाही. मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या पाइपचा) पृष्ठभाग मात्र जोरात चाललेल्या पेट्रोल इंजिनात चारशेच्या पुढे सहज जातो. उन्हाला दोष देणं सोपं, कारण त्यासाठी गाडीखाली झोपावं लागत नाही.

रेडिएटरचं पाणी फिरत राहतं, म्हणून एका जागी तापलं तरी पुढे जाऊन निवतं. ब्रेक ऑइल फिरत नाही. पेडल दाबल्यावर नळीतलं ऑइल जेमतेम सरकतं आणि परत येतं. सायलेन्सरशेजारच्या चार इंचांत जे ऑइल आहे, ते महिनोन् महिने तिथेच शिजत असतं.

सगळ्यात वाईट वेळ गाडी पळतानाची नसते. पळताना वारा लागतो. जोरात चालवून आणलेली गाडी बंद करून उभी केली की वारा थांबतो, मॅनिफोल्ड तसाच तापलेला असतो, आणि त्याची उष्णता आजूबाजूला मुरत जाते. गरम हवा वर चढते, म्हणून बेंड पाइपच्या (मॅनिफोल्डपासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या पाइपच्या) वरून गेलेली ब्रेकची नळी या वेळी सर्वात जास्त भाजते. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी काढायला गेलं तर पेडल खाली. तासाभराने मेकॅनिक येतो तोवर वाफेचं पुन्हा ऑइल झालेलं असतं, पेडल टणक लागतं आणि तो म्हणतो, “काही नाही, ठीक आहे.” म्हणून चाचणी याच क्रमाने घ्या: गाडी नीट तापवा, बंद करा, थांबा, मग पेडल दाबा. चाकं गार आणि पेडल मऊ, तर पॅडला हात लावू नका.

पेडल किती खाली जातं यावरूनही जागा सापडते. पेडलमागे ऑइलवर दाब देणारा मास्टर सिलिंडर दुहेरी असेल तर त्यातून दोन वेगळी सर्किटं निघतात, बऱ्याचदा एक पुढच्या आणि एक मागच्या चाकांचं. बाहा एसएईइंडिया या कॉलेजच्या मुलांनी बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेतही दोन स्वतंत्र हायड्रॉलिक सर्किटं लागतातच. पेडल बरंच खाली जाऊन मग एकदम घट्ट लागलं तर एकच सर्किट गेलं आहे. त्यातलं कोणतं सायलेन्सरजवळून जातं, ते बघा.

आमच्याकडच्या एका कॉलेजच्या गाडीत हे डोळ्यांनी दिसत होतं. इंजिन मागे, मागच्या ब्रेकची नळी चेसिसच्या पाइपला प्लास्टिकच्या टायने बांधलेली. सायलेन्सरसमोरची टाय पिवळी पडून चिपकली होती, शेजारची पांढरीच. चेसिसचा रंग वीतभर जागेत करपून फुगला होता. थर्मामीटर लावायची गरज नव्हती.

कारखान्यात बनलेल्या गाडीत नळीची वाट कारखान्याने ठरवलेली असते. सुट्या भागांतून जोडायच्या किट कारमध्ये ती जोडणाराच ठरवतो. १९५७ ला इंग्लंडात लोटस सेव्हन ही अशी गाडी आली, १९७३ पासून केटरहॅम कंपनीने ती पुढे चालवली. सुटे भाग घेऊन घरी गाडी जोडायचा नाद तिकडे जुना आहे. आपल्याकडे रस्त्यावर आणायची म्हटलं की मोटार वाहन कायदा, १९८८ आडवा येतो, म्हणून कॉलेजची शेडं आणि जुन्या जीपवाले एवढेच या वाटेला जातात.

वाट ठरवताना पहिला नियम: सायलेन्सर डावीकडून असेल तर नळी उजवीकडून न्या. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा, म्हणजे झळ लागणारी लांबी कमीत कमी राहते, आणि पाइपच्या वरून जाऊ नका. आडोसा नसेल तर दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर मी किमान धरतो. हे अंतर गार गाडीत मोजून भागत नाही. इंजिन रबर माउंटिंगवर डोलतं, सायलेन्सर त्याच्याबरोबर डोलतो, आणि एक मीटर लोखंडी पाइप चारशे अंशांनी तापला की सुमारे पाच मिलिमीटर लांबतो. नळीसाठी साधं तांबं वापरू नका, कंपनाने कडक होऊन ते तडकतं. स्टीलची किंवा तांबं-निकेलची ब्रेकसाठीचीच नळी घ्या. क्लिपा धातूच्या, आत रबर असलेल्या.

अंतर मिळतच नसेल तर मधे पत्रा लावा. गुऱ्हाळाच्या चुलाणासमोर उभं राहिलं की तोंडाला झळ लागते आणि मधे पत्रा धरला की थांबते, तेच इथे. चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन्ही बाजूंना हवेची मोकळी फट, आणि बोल्ट चेसिसला. सायलेन्सरला आवळलेला पत्रा स्वतःच तापून नळीवर झळ मारतो. नळीवर चढवायची चंदेरी स्लीव्ह लोकांना जास्त आवडते कारण ती पटकन बसते. ती उष्णता उशिरा पोचवते, अडवत नाही. उभ्या गाडीत उष्णता मुरायला वेळ भरपूर असतो. पत्रा लावून वर स्लीव्ह घातली तर चालेल, पत्र्याऐवजी नको. आणि एकदा उकळलेलं ऑइल तसंच ठेवू नका, पूर्ण काढून नवीन भरा. डॉट ५ नावाचं सिलिकॉन ऑइल डॉट ५.१ समजून टाकू नका, ते बाकीच्यांत मिसळत नाही.