'१५ दिवसांत ५ किलो'मागची दीडशे वर्षे

भाद्रपद सरत आला की वडोदऱ्यात जिम आणि डाएट सेंटरच्या पाट्या बदलतात. 'नवरात्री पॅकेज: १५ दिवसांत ५ किलो.' चणियाचोळीची पाठ नुसत्या दोऱ्यांवर, कंबर उघडी, म्हणून घाई. हिशेब मात्र कुणी करून पाहत नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. पाच किलोंच्या झाल्या ३८,५००, म्हणजे रोज अडीच हजारांहून जास्त तूट हवी. बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीची दिवसाची गरज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यात १,६६० किलोकॅलरी धरली आहे. म्हणजे पंधरा दिवस पाण्यावर काढले तरी हा आकडा जुळत नाही. काटा खाली येतो तो बराचसा पाणी आणि थोडे स्नायू गेल्याने, आणि दसरा उलटला की त्यातले पाणी परत भरते. दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात, तेव्हा कुणाला नवरात्र आठवत नाही.

हे सगळे रीलमुळे झाले असे म्हणण्याची पद्धत आहे. रीलने वेग दिला, पण बाईला नुसत्या देहावरून मोजणारी ही नजर त्याच्या कितीतरी आधी तयार झाली, आणि तिचे काही धागे याच शहरातून गेले आहेत.

गायकवाडांबरोबर इथे स्थिरावलेल्या मराठी घरांत बायका नऊवारी नेसत. कासोटा घातला की पोटऱ्या उघड्या राहत. त्या लुगड्यात पाणी भरायचे, दळायचे, डोंगर चढायचा. पोटऱ्या दिसल्या म्हणून कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. तो काळ बायकांना सुखाचा होता असे मुळीच नाही. सोवळे-ओवळे होते, विधवांचे केशवपन होते, राजवाड्यात पडदा होता. बाईच्या देहावर ताबा होताच. पण अंग दिसणे आणि अंगापुरतीच बाई उरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून कळते.

१८८० मध्ये तिसऱ्या सयाजीरावांचे लग्न तंजावरच्या राजकन्येशी झाले. त्याच पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकीही बडोद्यात आल्या. दरबाराच्या कलावंत कारखान्यात, म्हणजे कलाकारांच्या खात्यात, त्यांची नोंद असे, पगार असे. नाच हे त्यांचे काम होते. १८९० च्या दशकात मद्रासेत नाचविरोधी चळवळ उभी राहिली. तिच्या मागे खरे शोषणही होते, पण तिने शोषणाबरोबर नाचणाऱ्या देहालाही डाग लावला. शिक्षा नर्तकीला झाली, पाहणाऱ्याला नाही. बडोद्यातील त्या तंजावरी घराण्याची विद्या पुढे विद्यापीठातल्या नृत्य विभागात शिकवली गेली.

कायद्याची नजरही तशीच. १८६० च्या दंडसंहितेतले कलम २९२ अश्लील मजकुराला लागे आणि त्याची कसोटी विलायतेतल्या १८६८ च्या हिक्लिन निकालातली होती: वाचणाऱ्या-पाहणाऱ्याचे मन बिघडेल का? सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये उदेशी खटल्यात ती उचलून धरली आणि २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सोडून दिली. जिचे चित्र आहे तिचे काय, हा प्रश्न यात कुठेच नव्हता. १९८६ च्या स्त्रियांच्या असभ्य चित्रणविरोधी कायद्याने तो पहिल्यांदा नीट विचारला, पण त्याचाही पाय 'असभ्य' या शब्दातच अडकला. पूर्ण कपड्यांतली जाहिरातही बाईला वस्तू करू शकते, तिथे हा कायदा फारसा पोचत नाही.

आता चित्रांकडे. सयाजीरावांना अधिकार मिळाले त्या १८८१ सालच्या समारंभासाठी दिवाण माधवरावांनी राजा रविवर्म्याला बडोद्यात बोलावले. पुढे लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी त्याने १४ पौराणिक चित्रे केली. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला आणि एकाच घडणीची, गोरी, भरल्या अंगाची लक्ष्मी-सरस्वती भिंतीभिंतीवर टांगली गेली. हा दोष एकट्या चित्रकाराचा नव्हे. पण एकच चेहरा हजारो घरांत पोचवण्याची सोय झाली, आणि साबण-औषधवाल्यांनी ती लगेच ओळखली. गंमत अशी की तेव्हाचा आदर्श अंगाने भरलेला होता. बारीक कंबर नंतर आली. १९७५ मध्ये गोरे करणारे क्रीम बाजारात आले (त्याच्या नावातला 'फेअर' २०२० मध्ये गेला), १९९४ मध्ये एकाच वर्षी दोन विश्वसुंदरी किताब देशात आले, आणि इंच मोजणे रोजच्या बोलण्यात शिरले.

याच शहरात सयाजीरावांच्या पुढच्या पत्नी, दुसऱ्या चिमणाबाई, यांनी पडदा सोडला आणि १९११ मध्ये स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहिले. बायकांनी कोणकोणती कामे करावीत याचाच त्यात मोठा भाग. १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्ष. देहाने काय करता येते, हा त्यांचा धागा. कॅलेंडरवाला धागा जास्त खपला.

खपल्याने काय होते ते मोजलेले आहे. १९९७ मध्ये फ्रेडरिक्सन आणि रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी मांडले की सतत पाहिले गेल्याने बाई स्वतःकडेच बाहेरून पाहू लागते. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात पोहण्याच्या पोशाखात, खोलीत एकट्या असताना गणिते सोडवणाऱ्या मुलींचे गुण घसरले. मुलांचे घसरले नाहीत. फिजीत १९९५ मध्ये टीव्ही आला तेव्हा वजनासाठी उलटी काढणाऱ्या किशोरी पाहणीत सापडल्या नव्हत्या. १९९८ मध्ये ११.३ टक्के सापडल्या.

बाईचे लैंगिकीकरण ओळखण्याच्या अमेरिकी मानसशास्त्र संघटनेने २००७ मध्ये दिलेल्या खुणा गरब्याच्या फलकालाही लावून पाहता येतात. बाईची किंमत फक्त आकर्षकतेवर ठरली आहे का? एकाच ठरावीक बांध्याला मादक म्हटले आहे का? ती दुसऱ्याच्या उपभोगाची वस्तू झाली आहे का? लहान मुलीवर मोठ्यांची लैंगिकता लादली आहे का? चेहरा कापून नुसती पाठ छापलेला फलक तिसऱ्या खुणेत सहज बसतो. चित्रकलेच्या वर्गात लाइफ स्टडीला, म्हणजे समोरच्या देहावरून चित्र काढण्याच्या सरावाला, बसलेली मॉडेल त्यात बसत नाही.

टेप लावायचीच असेल तर कोणती, हेही ठरवावे. आरोग्यासाठी कंबर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचे वरचे टोक यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजावी. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरनंतर लक्ष द्यायचे असते. परकराच्या नाडीजवळ मोजले की आकडा चुकतो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) १८.५ च्या खाली गेला किंवा पाळी तीन महिने चुकली, तर डाएट थांबवून डॉक्टरकडे जावे. आणि चोळी तंग झाली असेल तर शिंप्याने दोन्ही बाजूंच्या शिलाईत पाऊण-एक इंच माया ठेवलेली असते. ती उसवून नवी टीप मारायला अर्धा तास लागतो.