कपाटाची चावी आणि मेंदूतला लगाम

1 ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला मी कुडाळजवळच्या एका वृद्धाश्रमात होते. माझी आत्ये तिथे राहते. पाहुण्यांनी आश्रमातल्या मावशींना तासभर सांगितलं की सक्षमीकरण आतून येतं, मन पॉझिटिव्ह ठेवा, बाकी सगळं आपोआप होतं. टाळ्या झाल्या. नंतर आत्येची कूस बदलता बदलता मावशी म्हणाल्या, "रवान गो बाय पॉझिटिव्ह. पण ग्लोव्हजच्या कपाटाची चावी हापिसात आसता, नि हापिस सहाक बंद होता. तेचा काय करू?"

पाहुण्यांचा हेतू चांगलाच होता, पण त्यांनी गाडी बैलांपुढे जुंपली होती. रोझाबेथ मॉस कँटर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1977 मध्येच मांडलं होतं की कामावरची ताकद माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्या जागेत असते. माहिती, साधनं, पाठबळ आणि पुढे जायची संधी त्या जागेपर्यंत पोचते का, यावर ती ठरते. ग्रेचेन स्प्रायट्झर यांनी 1995 मध्ये आतली जाणीव मोजण्यासाठी चार बाजू धरल्या: काम मोलाचं वाटणं, ते आपल्याला जमतं ही खात्री, कसं करायचं ते आपण ठरवणं, आणि आपल्या करण्यानं काही बदलतं असं दिसणं. माझ्या पाहण्यातल्या मावशींकडे पहिल्या दोन गोष्टी भरपूर असतात. उरलेल्या दोन त्या चावीपाशी अडतात.

आता माझ्या सर्वांत आवडत्या प्रयोगाकडे येते. दोन उंदीर, दोन पेट्या, दोघांच्या शेपटीला एकाच वेळी विजेचे झटके. प्रत्येकापुढे एक छोटं चाक. पहिल्यानं पंजानं चाक फिरवलं की दोघांचाही झटका थांबतो. दुसऱ्यानं कितीही फिरवलं तरी काही होत नाही. म्हणजे त्रास दोघांना तंतोतंत सारखा, फक्त तो थांबवणं एकाच्याच हातात. दुसऱ्या दिवशी दोघांना नव्या पेटीत ठेवतात. तिथून निसटायला सोपी वाट असते. पहिला निसटायला शिकतो. दुसरा बहुतेक वेळा बसून राहतो.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर असंच काही पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला की प्राणी हतबलता 'शिकतो'. जवळपास पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी आपलाच सिद्धान्त उलटा केला. शास्त्रज्ञांच्या या प्रामाणिकपणाचं मला फार अप्रूप आहे. त्रास लांबला की मेंदूच्या खोडातला डॉर्सल राफे न्यूक्लियस हा पेशींचा पुंजका सेरोटोनिनचा, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचा, पूर सोडतो आणि प्राणी निपचित होतो. ते शिकावं लागत नाही, उपजतच असतं. शिकावं लागतं ते नियंत्रण. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या तळाकडचा मधला भाग 'मी केलं म्हणून हे थांबलं' हे ओळखतो आणि त्या पुंजक्याला लगाम घालतो. कॉर्टेक्सकडून आलेले ग्लुटामेटचे (हे चेतवणारं रसायन) तंतू राफेतल्या गाबा-पेशींना, म्हणजे शेजारच्यांना शांत करणाऱ्या पेशींना, चेतवतात, आणि त्या सेरोटोनिन-पेशींना दाबतात. लगाम नसेल तर सेरोटोनिन-पेशींवरचे स्वतःला आवरणारे 1ए रिसेप्टर (रसायनाचा निरोप टिपणारे रेणू) बोथट होतात, आणि पुढचे काही दिवस छोट्या धक्क्यानंही पूर येतो.

पुरावाही पाहा. मायर यांच्या कोलोरॅडोतल्या प्रयोगशाळेत, 2005 मध्ये, औषधानं हा लगामाचा भाग तेवढ्यापुरता बधिर केला. उंदीर चाक फिरवत होता, झटके थांबवतही होता, तरी पुढे तो दुसऱ्या उंदरासारखाच बसून राहिला. आणि ज्यांना आधी एकदा नियंत्रण मिळालं होतं, ते नंतरच्या हाताबाहेरच्या त्रासातही कमी कोलमडले.

उंदरावरून थेट मावशींवर उडी मारणं बरोबर नाही. पण माणसांचीही माहिती आहे. रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये दाखवलं की कामाचा भार जास्त आणि निर्णयाची मुभा कमी, ही जोडी सर्वांत वाईट. ब्रिटनमध्ये 1985 पासून 10,308 सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. त्यात कामावर ताबा कमी असलेल्यांना हृदयविकार जास्त आढळला.

कॅनडात वृद्धसेवाकेंद्रांतल्या मदतनिसांवर कॅरोल एस्टाब्रुक्स यांच्या गटानं वर्षानुवर्षं काम केलंय. कामाची जागा कशी आहे ते तोलणाऱ्या त्यांच्या प्रश्नावलीत माणसं, जागा आणि वेळ यांची उसंत आहे का, असंही विचारतात. हिशेब करून पाहा. एका मावशीकडे बारा खाटा, कूस बदलून पुसायला प्रत्येकी दहा मिनिटं. झाले दोन तास. आणि शय्याव्रण होऊ नयेत म्हणून अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची रीत आहे. शेवटची खाट होते तोवर पहिलीची वेळ भरलेली. यात कोणी पेज सांडली की सगळी घडी विसकटते. मग डोकं चालवायला वेळ कुठला?

आपल्याकडे हा प्रश्न वाढतच जाणार. सिंधुदुर्गाची लोकसंख्या 2001 मध्ये 8,68,825 होती, 2011 मध्ये 8,49,651 झाली. मुलं मुंबईला, म्हातारी माणसं घरात, नाहीतर आश्रमात.

आत्ये तिन्हीसांजेला अस्वस्थ होते, दाराशी जाऊन "घराक जातंय" म्हणते. नातेवाइकांनी बाधा म्हटलं, कौलही लावून झाला. हे स्मृतिभ्रंशात जगभर दिसतं. शरीराचं घड्याळ चालवणाऱ्या मेंदूतल्या पेशी अल्झायमरमध्ये घटतात, वयानं पिवळट झालेल्या डोळ्याच्या भिंगातून निळा प्रकाश कमी जातो, संधिप्रकाशात सावल्या भिववतात. बाधा म्हणून अंगारा लावण्यात तपासणीचे महिने वाया जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. मावशींनी मात्र फार आधी हेरलं होतं की पडवीतली ट्यूब लवकर लावली की आत्ये कमी घाबरते. पण दिवे सातला लावायचे असा नियम, आणि मावशींचं निरीक्षण लिहायला वहीच नव्हती.

कॅनडातल्या त्याच गटाच्या एका उपक्रमात मदतनीसच पुढे होऊन वेदना, हालचाल किंवा वागणूक यातला एक प्रश्न निवडतात, बदल करून पाहतात, मोजतात. मी हे आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

दिवाळीनंतर गेले तर ग्लोव्हजचा खोका खोलीतच होता. पडवीतली ट्यूब साडेपाचला लागली. आत्ये त्या दिवशीही दाराशी गेलीच, पण लवकर परत आली. मावशींनी खिशातून वही काढली, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: सहा वाजून दहा मिनिटं.